नवा लॅपटॉप घ्यायच्या आधी

लॅपटॉप सुरू व्हायला चार-साडेचार मिनिटं लागायची. मी घरूनच छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न भरते, त्यामुळे २० तारीख जवळ आली की जीव नकोसा व्हायचा. कोथरूडमधल्या एका दुकानात दाखवला तर त्यांनी न उघडताच सांगितलं, "ताई, सात वर्षं झाली, आता नवीनच घ्या." मी घेणारही होते.

रविवारी भाचा आला. त्याने टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे लॅपटॉपचा कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी. प्रोसेसर १२ टक्के, निम्मी रॅम मोकळी आणि डिस्क मात्र सतत १०० टक्के. "मावशी, घोडं इथे अडलंय." आत मिनिटाला ५४०० फेरे घेणारी जुनी हार्ड डिस्क होती. स्टार्टअपमधले नको ते प्रोग्राम बंद केले, पण फारसा फरक पडला नाही.

मग त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत तपासणारा प्रोग्राम चालवला. पिवळी खूण, 'कॉशन', म्हणजे सावधान. डिस्कचे काही सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचे छोटे कप्पे, वाचता येत नव्हते आणि ती त्याच जागेवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती. कान लावला तर टक... टक... ऐकू यायचं. माझ्या पोटात गोळा आला. लोकांचे हिशेब त्यात, आबांचे फोटो त्यात! खरेदीचं नंतर बघू म्हटलं आणि त्याच रात्री सगळं बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवायला घेतलं. एका फोल्डरपाशी कॉपी तासभर अडली. तो वगळून पुढे गेलो.

मग लॅपटॉप नाही, फक्त डिस्क बदलायची ठरलं: जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. ती कुठली घ्यायची हे लॅपटॉप ठरवतो. माझ्या लॅपटॉपमध्ये एम डॉट टूचा (पट्टीसारखी छोटी एसएसडी बसवायचा) स्लॉटच नाही, त्यामुळे एनव्हीएमई या जास्त वेगवान प्रकाराचा प्रश्न मिटला. टिळक रोडवरून जुन्या डिस्कच्याच जागी बसणारी अडीच इंची साटा एसएसडी आणली, ५०० जीबीची. आजारी डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायचा नाही, विंडोज नव्यानेच टाकायचं, यावर भाचा ठाम होता. लायसन्सची मला धास्ती होती, पण ते मदरबोर्डशी जोडलेलं असल्याने नेट लावताच आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं.

दोन स्क्रू मागच्या रबरी पायांखाली लपलेले होते. काढलेले स्क्रू बशीत ओळीने मांडत गेले, आधी बॅटरीची केबल सोडवली, मग डिस्क.

आता वीस सेकंदांत लॅपटॉप सुरू होतो. वगळलेला फोल्डर नंतर जुन्या डिस्कवरून पुन्हा काढायला बसलो. बरेचसे फोटो आले. आबांचे अकरा फोटो मात्र उघडलेच नाहीत.