आमची वाटचाल : आनंदमेळाव्याचा स्टॉल, हमीची रक्कम आणि कुपनांची वही

दोन कढया, १९ किलोच्या सिलिंडरवर चालणारी एक भट्टी आणि मार्केट यार्डातल्या एका आडत्याची ओळख, एवढ्यावर २००९ साली पुण्यात आमचं काम सुरू झालं. शाळेचा आनंदमेळावा, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, ग्रंथालयासाठी किंवा स्वच्छतागृहांसाठी निधी जमवायचा कार्यक्रम असला, की तिथला खाऊचा स्टॉल आम्ही उभा करून देतो. आखणी, माल, भांडी, आचारी आमचे. विक्रीला पालक आणि वरच्या वर्गातली मुलं. पहिली सात वर्षं नीट गेली.

आमची मोठी कढई अठरा इंची, जाड लोखंडी पत्र्याची. आमचे पहिले आचारी अण्णा यांनी ती तांबट आळीच्या बाजूला एका दुकानातून निवडून आणली. तिचा पत्रा जाड असल्यामुळे थंड वडे सोडले तरी तेल फार उतरत नाही. पातळ पत्र्याच्या कढईत प्रत्येक घाण्यानंतर तेल तापायची वाट पाहावी लागते, आणि घाईत वडे सोडले की ते तेल पितात. या कढईत एका घाण्याला वीस वडे बसतात, आणि तेल परत तापण्यासकट एका घाण्याला पाच मिनिटं लागतात. म्हणजे तासाला २४०. पण मधली सुट्टी चाळीस मिनिटांची असते, तेवढ्यात एका कढईतून निघतात १६० वडे. स्टॉलचा नफा इथे ठरतो. मागणी चारशेची असली तरी १६०च्या पुढचं गिऱ्हाईक घंटा झाली की रांग सोडून वर्गात जातं.

यावर उपाय अर्धा तळून ठेवण्याचा. सकाळी वडे दोन मिनिटं तळून, आवरण घट्ट झालं की काढून, जाळीवर एका थरात मोकळे ठेवायचे. सुट्टीत पुन्हा दीड मिनिट तळले की तीच कढई जवळजवळ दुप्पट माल देते. अर्धे तळलेले वडे डब्यात झाकून मात्र कधीच ठेवू नयेत. वाफ आत कोंडते, आवरण सुटतं आणि दुसऱ्या तळणीत वडा फुटतो.

५०० वड्यांचा आमचा हिशेब असा : बटाटा २७ किलो (किलोला वीस वडे, दोन किलो सडक्यासाठी जास्त), बेसन ६ किलो, सारणाला लसूण अर्धा किलो, आलं ३०० ग्रॅम, मिरची ७०० ग्रॅम, मीठ पाव किलो. तेल आठ-नऊ लिटर, त्यातलं निम्मं वड्यांबरोबर जातं. पाव ५२०, कारण खालचे दहा-वीस चेपलेले निघतातच. बटाटा जुना घ्यावा. नवा बटाटा पाणी धरतो, गोळा सैल होतो. पण फार दिवस शीतगृहात राहिलेलाही नको, तो गोडसर लागतो. उकडलेला बटाटा परातीत पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय फोडणीत घालू नये. गरम सारणाचा ढीग झाकून ठेवला तर डिसेंबरातही दुपारपर्यंत आंबूस वास येतो, मार्चमध्ये तर चार तास पुरे. सोडा शेवटी, तळणीला बसताना, चिमटीने. आधी घातला तर पीठ फसफसून बसतं आणि वडे तेलकट होतात.

आता २०१६चं लिहायलाच हवं. त्या वर्षी दोन भट्ट्या आणि पावभाजीचे दोन तवे कर्ज काढून घेतले होते, ९,४०० रुपयांचा हप्ता होता. हंगामाच्या सुरुवातीला चार शाळांशी बोलणी झाली, आणि आम्ही एक चूक केली : प्रत्येक शाळेला २५,००० रुपयांची हमी दिली. विक्री कितीही होवो, एवढी रक्कम शाळेला मिळणार. तोवर असा प्रकार आमच्या धंद्यात नव्हता. तो आणला दुसऱ्या एका ठेकेदाराने. तो शाळेत जाऊन आधी आकडा सांगायचा, मग पदार्थ. मुख्याध्यापकांना आकडा सोयीचा वाटतो, त्यात त्यांची चूक नाही. आम्ही त्याच्या आकड्याच्या मागे धावलो, ही आमची.

८ नोव्हेंबरला पाचशेच्या आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. डिसेंबरात मेळावे आले तेव्हा पालकांच्या हातात एटीएममधून निघालेली दोन हजारांची नोट होती. वडापाव दहा रुपयांचा, भेळ पंधराची. कुपनाच्या खिडकीवर सुट्टे नव्हते, आणि सुट्टे नाहीत म्हणून कुपन नाही. पहिल्या शाळेत पटावर १,४५० मुलं. त्या आकड्यावरून ९०० वड्यांचं सारण केलं. कुपनं गेली ३१०. सारण वाया, पाव वाया, बेसन कालवलेलं वाया. हाच प्रकार कमीजास्त चारही शाळांत झाला. चार शाळांना मिळून एक लाख द्यायचे होते, आणि मालाचा खर्च वजा जाता गल्ल्यात उरले ३८,०००. उरलेले ६२,००० आम्ही स्वतःचे भरले. एकाही शाळेचा रुपया बुडवला नाही, हे ठामपणे लिहितो. दोन हप्ते थकले, एक भट्टी आणि एक तवा विकावा लागला. अण्णांनी त्या हंगामाची मजुरी पुढच्या दिवाळीत घेतली, तोवर एकदाही मागितली नाही.

पुढच्याच वर्षी त्या चारपैकी दोन शाळा त्या ठेकेदाराकडे गेल्या. त्याने ४०,००० सांगितले होते. एवढी रक्कम वड्यातून काढायची तर वडा पस्तीस ग्रॅमचा होतो आणि तेल तिसऱ्या दिवशीही कढईत राहतं. तेलातले एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारी खराब द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम २०१८पासून आहे. यंत्र नसेल तर डोळे पुरतात : तेल गडद झालं, कढईच्या कडेला फेस राहू लागला, कमी आचेवर धूर सुटला की ते टाकायचं. त्या दोन शाळांपैकी एकीला ठरलेल्या रकमेतली निम्मीच मिळाली, असं तिथल्या लिपिकांनी सांगितलं. आमच्याकडे मात्र त्या शाळा परत आल्या नाहीत. हे आजही खुपतं.

त्या पडझडीत एकच शाळा सोबत राहिली, आणि तीही तिथल्या पालक-शिक्षक संघातल्या एका ताईंमुळे. कुपनं आधी विकायची, ही पद्धत त्यांची. मेळाव्याच्या चार दिवस आधी वर्गशिक्षकांमार्फत कुपनं देतात, दोन दिवस आधी हिशेब बंद करतात आणि संध्याकाळी आम्हाला आकडा कळवतात. आम्ही तेवढा माल भरतो आणि वर फक्त पंधरा टक्के. पटावरच्या आकड्याला आता आम्ही हात लावत नाही. त्यांची वही साधी आहे : वर्ग, दिलेल्या कुपनांचा पहिला-शेवटचा क्रमांक, परत आलेली, जमा रक्कम. दर पदार्थाला वेगळा रंग, प्रत्येक कुपनावर क्रमांक आणि शाळेचा शिक्का, शिक्का अर्धा कुपनावर, अर्धा मागे राहणाऱ्या स्थळप्रतीवर. रंगीत कागदाची झेरॉक्स सहज होते, अर्धा शिक्का जुळवता येत नाही. स्टॉलवर कुपन घेतलं की तिथेच फाडून खाचेच्या डब्यात. न फाडलेलं कुपन पुन्हा रांगेत येतंच. क्यूआर फक्त खिडकीवर आणि संघाच्या खात्याचा, कुणा स्वयंसेवकाच्या फोनवरचा नाही. मैदानात पाच-सहाशे माणसं जमली की नेटवर्क बसतं, आणि स्टॉलवर पैसे पोहोचले का हे पाहत सगळी रांग थांबते.

हमी आम्ही कायमची सोडली. ठरीव मेहनताना, मालाच्या पावत्या शाळेच्या हातात, शिल्लक सगळी शाळेची.

मग करोनात दोन वर्षं शाळाच बंद होत्या. ते दिवस कसेबसे काढले.

शाळेतल्या खाण्याबद्दलचे नियम एफएसएसएआयने २०२० साली काढले. जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. आम्ही मुलांच्या मेळाव्यातून कढई काढली. ती आता माजी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला, मंगल कार्यालयात लागते. मुलांसाठी भेळ, मटकीची उसळ, फळांची चाट, ताक. भेळेला आच नसल्यामुळे आठवी-नववीची मुलं तो स्टॉल स्वतः चालवतात, आणि स्काउट-गाइडच्या ‘खरी कमाई’ला, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवायच्या उपक्रमाला, हा सगळ्यात योग्य पदार्थ आहे, असं आमचं मत.

३०० प्लेट भेळेला चुरमुरे ९ किलो, कांदा ६, टोमॅटो ५, उकडलेला बटाटा ५, मोड आणून उकडलेली मटकी ४, शेव दीड किलो, फक्त वरून भुरभुरायला. आंबटगोड पाणी ९ लिटर : चिंच दीड किलो, खजूर एक, गूळ दोन. हिरवी चटणी ३ लिटर. चुरमुऱ्यांची पिशवी एकेका किलोची बांधून ठेवावी आणि लागेल तशीच सोडावी. सकाळीच सगळे चुरमुरे पातेल्यात ओतले तर दहा वाजेपर्यंत चिवट होतात. झालेच, तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परतले की परत कुरकुरीत होतात. एका वेळी चारच प्लेट कालवायच्या. मुलं उत्साहात वीस प्लेट कालवतात आणि पाचव्या गिऱ्हाइकापासून लगदा जातो. कांदा सुट्टीच्या तासभर आधी चिरावा, सकाळी नाही, त्याला उग्र वास सुटतो. सरबतात किंवा ताकात बर्फ घालायचा तर खाण्याचाच, पांढरा. निळसर बर्फ माल थंड ठेवायला असतो, तो पेल्यात जाऊ द्यायचा नाही.

टेबलांबद्दल कुणी विचारत नाही, तरी सांगतो. कुपनाची खिडकी स्टॉलपासून निदान तीस फूट लांब ठेवा, दोन रांगा एकमेकींत मिसळल्या की दोन्ही थांबतात. कालवणारा आणि देणारा वेगळा, आणि ज्याच्या हातात कुपन त्याचा हात खाण्याला लागणार नाही. भट्टी असेल तिथे तिन्ही बाजूंनी पत्रा लावा, मैदानातला वारा निम्मी आच नेतो. सिलिंडर उभाच, भट्टीपासून दूर, नळी पायात येणार नाही अशी. समोर वर्गातले दोन बाक आडवे टाकले की मुलं कढईपासून लांब राहतात.

ताईंची मुलगी शाळेतून बाहेर पडून सहा वर्षं झाली, तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन येतो. गेल्या मेळाव्यात ४१२ कुपनं आगाऊ गेली होती, माल ४७० प्लेटचा भरला, उरल्या अकरा. वहीचा फोटो त्यांनी त्याच रात्री पाठवला.