सोरायसिस: मोठ्या झालेल्या लेकराचं मलम आणि सोमवारची गोळी

सोरायसिस म्हणजे अंगावर खपल्यांचे चट्टे उठणारा कातडीचा आजार. लातूर-बीडकडं बोअरचं पाणी क्षाराचं, त्यानं ही कातडी आणखी तडकते. आंघोळ कोमट पाण्यानं, दहा मिनिटांत. अंग टिपून ओलसर असतानाच व्हॅसलीन चोपडावं. खपल्या नखानं काढू नयेत. खरचटल्या जागी नवा चट्टा उठतो. स्टेरॉइड मलम बोटाच्या शेवटच्या पेराएवढं घेतलं की बोटांसकट दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं. पाठीला घरच्यांनी लावावं, पण तेव्हा पथ्याचं पुराण नको!

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट, म्हणजे सोरायसिस आटोक्यात ठेवायची गोळी, दिलं असेल तर आठवड्यातून एकदाच, समजा सोमवारी. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. रक्ततपासणी चुकवू नये, दारू तर नकोच. वैदूच्या पुडीत स्टेरॉइड असलं तर अंग लख्ख होतं, अन् पुडी थांबली की दुप्पट उसळतं. मुलीचं लग्न ठरत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे.