तुम्ही विचारलंत म्हणून : मनगट कानाला लावून काय ऐकता?

सकाळी डोळे उघडले की आधी उजवं मनगट कानाला लावायचं, मग चूळ भरायची, हा माझा कैक वर्षांचा क्रम. एसटीत, लग्नाच्या पंगतीत मी असं केलं की कोणीतरी विचारतंच, "काका, घड्याळ बंद पडलं का?"

घड्याळ त्या हाताला नसतंच. तिथे माझा फिस्टुला आहे. किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस. मशीनला मिनिटाला तीनशे मिली रक्त लागतं, ते हाताची साधी शीर कुठून देणार? म्हणून मनगटाशी धमनी शिरेला जोडून देतात. ही युक्ती 1966 मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. आज माझ्या हातात आहे तीही तीच. धमनीच्या जोराने शीर काही आठवड्यांत फुगते, जाड होते, सुया सोसायला लागते. वर बोट ठेवलं की झिणझिण लागते, तिला थ्रिल म्हणतात. कान लावला की घूंऽऽ. मी मिरजेचा, त्यामुळे मला तंबोराच आठवतो. जवारी नीट लागली की कसा सूर भरून राहतो, मध्ये तुटत नाही, तसं.

हा माझा दुसरा. पहिला डाव्या हाताला होता, तो मी घालवला. 'मी' म्हणतो, कारण त्याने आधी तीन आठवडे सांगून पाहिलं होतं. सुई काढल्यावर दहा मिनिटांत थांबणारं रक्त अर्धा तास थांबेना. मशीन व्हीनस प्रेशरचा, म्हणजे शरीरात परत जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढल्याचा, अलार्म द्यायचं, टेक्निशियन मर्यादा वाढवून तो गप्प करायचा, आणि मीही गप्प. झिणझिण जाऊन तिथे ठोके लागायला लागले, तर मला वाटलं, वा, जोरात चाललंय! खरं तर पुढे वाट अरुंद झाली की रक्त तुंबून असंच आदळतं. त्यात एका लग्नात मठ्ठ्यावर ताव मारला. चार किलो वजन वाढलं, तेवढं पाणी एका बैठकीत काढलं, बीपी ऐंशीवर आलं. घरी येऊन झोपलो. सकाळी मनगटात सामसूम. शनिवार होता, म्हटलं, सोमवारी पाळी आहेच, तेव्हा दाखवू. तोवर गुठळी घट्ट बसली होती. त्याच दिवशी धावलो असतो तर कदाचित उघडला असता. मग डायलिसिससाठी गळ्यातल्या शिरेत कॅथेटर म्हणजे नळी, दोनदा थंडी वाजून ताप, आणि उजव्या हाताचं ऑपरेशन. आता मशीनवर असताना उपमा डाव्या हाताने खातो.

तेव्हापासून कान लावतो. सूर बदलला, चिरका झाला, मध्ये तुटायला लागला की त्याच दिवशी फोन. हात डोक्यावर उचलूनही पाहतो: फुगलेली शीर बसली पाहिजे, टम्म राहिली तर पुढे अडलंय. दोन वर्षांपूर्वी असंच लवकर कळलं, डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झाला, शिरेत फुगा घालून वाट मोठी केली आणि फिस्टुला वाचला. सुई एकाच जागी टोचू देत नाही. तिथली कातडी मऊ पडते म्हणून ती जागा टेक्निशियनला सोपी वाटते, पण पुढे शीर कमजोर होऊन फुगवटा येतो तिथेच. शिडीच्या पायऱ्यांसारखं वर सरकत जायचं. या हाताला बीपीचा पट्टा नाही, सलाईन नाही, त्या कुशीवर झोप नाही. सत्यनारायणाला गुरुजी उजव्या हाताला धागा बांधायला आले, मी हात मागे घेतला. "पुरुषांना उजव्यालाच बांधतात," म्हणाले. म्हटलं, कलशाला बांधा.

खरं ऐकावं असं ज्यांना वाटतं ते अजून मला विचारत नाहीत. क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात साठणारा घटक) चढतंय पण डायलिसिस सुरू नाही, अशांनी दंडापासून मनगटापर्यंतच्या शिरा आत्ताच राखायच्या. तपासणीला रक्त द्यायचं तर पंजाच्या मागून. सलाईनच्या सुयांनी खराब झालेल्या शिरेतून सर्जन काय जोडणार?

परवा शेजारच्या गल्लीतल्या एकांना हे सांगितलं. क्रिएटिनिन चारच्या पुढे गेलेलं, पण हसून म्हणाले, "मला कुठे एवढ्यात लागतंय." रात्री साडेदहाला त्यांचा फोन. उद्या तपासणीला रक्त द्यायचं आहे, तर कोणता हात वाचवू?

म्हटलं, दोन्ही. एकच जमणार असेल, तर ज्याने जेवत नाही तो.