बाबांना घेऊन पँगाँग आणि त्सो मोरिरी: उंचीला सरावत केलेला प्रवास

लडाखच्या सरोवरांची सहल आखताना बहुतेक जण किलोमीटर मोजतात. लेहपासून पँगाँग किती तास, त्सो मोरिरी किती तास, दोन्ही किती दिवसांत 'होतील'. बासष्ट वर्षांच्या, बीपीची गोळी चालू असलेल्या बाबांना घेऊन जायचं ठरल्यावर मी वेगळा हिशेब धरला: कुठल्या रात्री किती उंचीवर झोपायचं. आमचा सगळा प्रवास त्या हिशेबावर उभा राहिला, आणि पर्वतातल्या सरोवरांकडे जाणाऱ्या प्रत्येकाने तो आधी करावा असं मला मनापासून वाटतं.

कारण साधं आहे. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. पँगाँगचा काठ 4,250 च्या आसपास, त्सो मोरिरी 4,500 च्या वर. हवेत ऑक्सिजन सगळीकडे 21 टक्केच असतो, पण दाब कमी होत जातो. लेहला तो समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश असतो, त्सो मोरिरीला निम्म्याहून थोडा जास्त. दिवसा खिंड ओलांडताना तासभर उंचीवर राहणं शरीर सहन करतं. रात्री मात्र झोपेत श्वास मंदावतो, ऑक्सिजन आणखी उतरतो. त्रास बहुतेकदा तेव्हा सुरू होतो.

निघण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ईसीजी काढला, बीपीच्या गोळ्या तपासल्या आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी आहे का, हे दोनदा विचारलं. मग बाबांना अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे ट्रेकर ज्याला डायमॉक्स म्हणतात ती गोळी, 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवसापासून लिहून दिली. ही गोळी नुसती डोकेदुखी दाबत नाही. तिच्यामुळे मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि श्वास आपोआप वाढतो. शरीर काही दिवसांत स्वतः जे करणार असतं, ते लवकर होतं. बोटांना मुंग्या येतील, लघवीला वारंवार जावं लागेल, घाबरू नका, असंही त्यांनी सांगून ठेवलं. "आणि झोपेची गोळी अजिबात नाही," हे बाबांकडे बघून.

मुक्काम ठरवताना खरी ओढाताण झाली. एका सहल कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमात लेहला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी चांग ला ही खिंड ओलांडून पँगाँगला तंबूत मुक्काम होता. "सगळे असंच करतात," हे त्यांचं उत्तर. गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम असा, की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीनचार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्याने तो नियम पहिल्याच दिवशी मोडलेला असतो, म्हणून पुढे तरी तो पाळायला हवा.

शेवटी आमचा क्रम असा ठरला: आधी लेहमध्ये निवांत मुक्काम. मग खार्दुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यात. तिथलं हुंडर लेहपेक्षाही खाली, 3,100 च्या आसपास आहे, म्हणजे दिवसा 5,359 मीटरपर्यंत चढायचं आणि झोपायला खाली यायचं. (खिंडीतल्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात ती त्याहून बरीच कमी आहे. शरीराला तेवढीही पुरते.) नुब्राहून श्योक नदीच्या काठाने टांगत्से, जे चार हजारांच्या जरा खाली आहे. मग पँगाँग. आणि सगळ्यात उंच त्सो मोरिरी सगळ्यात शेवटी. टांगत्सेला कोणी मुद्दाम राहत नाही, ते चहाला थांबण्याचं गाव. आमच्यासाठी ती मधली पायरी होती.

कागदपत्रांचं काम त्या मानाने सोपं गेलं. पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरलं, पावतीच्या आणि ओळखपत्रांच्या भरपूर प्रती काढल्या, चौक्यांवर त्या देत गेलो. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, त्यामुळे बाबांचं पोस्टपेड घेतलं.

लेहमधली पहिली रात्र मी जवळजवळ जागून काढली. बाबांचा श्वास मध्येच थांबायचा, काही सेकंद काहीच नाही, मग तीनचार खोल श्वास, पुन्हा शांत. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं: उंचीवर झोपेत श्वासाची लय अशी खालीवर होते, निरोगी माणसांचीसुद्धा. माहीत असूनही ऐकायला भयंकर वाटतं. सकाळी ऑक्सिमीटर 88 दाखवत होता. घरी हा आकडा दिसला असता तर आम्ही दवाखाना गाठला असता. लेहला नव्याने आलेल्या माणसाचा तो नेहमीचाच आकडा आहे. त्यावर नजर लावून बसण्यापेक्षा माणूस कसा दिसतोय, जेवतोय का, नीट चालतोय का, हे बघणं जास्त उपयोगी पडलं.

त्यासाठी माझ्याकडे एक मोजपट्टी होती. कॅनडातल्या लेक लुईज या डोंगरातल्या सरोवरावर भरलेल्या परिषदेत 1991 साली उंचीच्या आजारासाठी गुणपद्धत ठरली. तिची 2018 मध्ये सुधारलेली आवृत्ती चार प्रश्नांची आहे: डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, थकवा, चक्कर. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी असेल आणि बेरीज तीन किंवा जास्त असेल, तर तो उंचीचा आजार समजायचा आणि आणखी वर झोपायला जायचं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ मी हे चार प्रश्न विचारायचे. पहिल्या दिवशी बाबा चिडले. नंतर मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायला लागले, "डोकं एक, बाकी शून्य."

नुब्रा छान पार पडलं. श्योकच्या रस्त्यावर आम्ही पहाटेच निघालो, कारण उन्हाळ्यात दुपारी बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं. टांगत्सेला पोचलो ते दुपारी. संध्याकाळी बाबांचं उत्तर आलं: "डोकं दोन, थकवा एक. आणि जेवायची इच्छा नाही."

पँगाँगच्या तंबूचे पैसे भरलेले होते. ड्रायव्हर जिग्मेतभाई म्हणाले, "दीदी, सकाळी बघू. नाहीच वाटलं तर सरोवर बघून इथेच परत येऊ. मी आहे ना." सकाळी डोकेदुखी एकवर आली होती, बाबांनी थुक्पा मागून घेतला. तरी आम्ही झोपायला वर गेलो नाही. त्या दिवशी पँगाँग बघितलं आणि अंधार पडायच्या आत टांगत्सेला परतलो. तंबूचे पैसे गेले, आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

त्या दिवशी काठावर आमच्याकडे भरपूर वेळ होता. पँगाँग सुमारे 134 किलोमीटर लांब, त्यातला जवळपास एकतृतीयांश भाग आपल्या बाजूला. पाणी कुठेच वाहून जात नाही. एके काळी ते श्योकमार्गे सिंधूला मिळत होतं, पुढे गाळाने वाट अडली आणि सरोवर खारट होत गेलं. तेवढं खारं असूनही हिवाळ्यात ते गोठतं. रंगाबद्दल लोक भरभरून बोलतात, पण तो मिनिटागणिक बदलतो हे तिथे बसून राहिल्याशिवाय कळत नाही. ढग आला की पाणी शिशाच्या रंगाचं होतं, सरला की काठाशी हिरवट आणि मध्ये गडद निळं. आमच्या शेजारी एक कुटुंब गाडीतून उतरलं, त्यातला मुलगा कपाळ धरून सीटवरच बसून राहिला. फोटो काढून दहा मिनिटांत ते निघून गेले. मला फार वाईट वाटलं. इतक्या लांब येऊन त्या पोराला सरोवर दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांची बेरीज शून्य. मग पँगाँगच्या काठावरच्या स्पांगमिकला राहिलो, आणि तिथून मेरक, चुशूलमार्गे त्सो मोरिरीकडे. चुशूलजवळ रेझांग लाच्या स्मारकाशी बाबांना थांबायचंच होतं. 18 नोव्हेंबर 1962 रोजी मेजर शैतान सिंग आणि 13 कुमाऊंचे जवान ज्या उंचीवर, ज्या थंडीत लढले, तिथे गरम कपड्यांत उभं राहतानाही आम्हाला धाप लागत होती. बाबा बराच वेळ नावं वाचत होते.

त्सो मोरिरी माझ्या मते पँगाँगहून मोठं सुख आहे. साधारण 120 चौरस किलोमीटरचा विस्तार, 105 मीटरपर्यंत खोली, 2002 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. काठावर कारझोक हे एकच मोठं गाव, आजूबाजूला चांगपा या भटक्या पशुपालकांच्या पश्मिना बकऱ्या. काठाला लागून असलेल्या ओल्या कुरणात पक्षी घरटी करतात, म्हणून तिथे पाऊल टाकायचं नाही, लांबूनच दुर्बिणीने बघायचं. बाबांनी दुर्बीण लावली आणि ओरडलेच, "अगं, हे तर पट्टकादंब! उजनीवर बघितलेत आपण!"

तेच होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिवाळ्यात आपल्याकडच्या जलाशयांवर असतात आणि उन्हाळ्यात इथे पिल्लं काढतात. हिमालय ओलांडताना त्यांची 7,290 मीटर उंचीपर्यंत नोंद झाली आहे. त्यांचं हिमोग्लोबिन विरळ हवेतला ऑक्सिजन आपल्यापेक्षा घट्ट धरून ठेवतं, शिवाय फुप्फुसंही मोठी. जी उंची आम्ही पायरीपायरीने, गोळी घेऊन गाठली, त्या उंचीवर ते पिल्लांना पोहायला शिकवत होते. बाबा दुपारभर तिथून हलले नाहीत. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

परतताना पुगाचे गरम झरे आणि त्सो कार बघत, ताग्लांग ला ओलांडून लेहला उतरलो. त्सो कारच्या शेजारीच स्टार्टसापुक त्सो हे गोड्या पाण्याचं छोटं सरोवर आहे, आणि त्सो कार स्वतः इतकं खारं की काठावर मिठाचा पांढरा थर दिसतो. एरवी तिथे अर्धा दिवस द्यावा, आम्हाला उजेडात खिंड ओलांडायची होती.

लेहच्या गेस्टहाउसमध्ये त्याच सकाळी विमानाने उतरलेलं एक जोडपं भेटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पँगाँगला मुक्कामाला निघणार होते. बाबांनी खुर्ची ओढली, "अहो, जरा बसा," म्हणाले, आणि चार प्रश्नांपासून टांगत्सेपर्यंत सगळं समजावलं. त्यांनी टॅक्सीवाल्याला फोन करून जाणं दोन दिवस पुढे ढकललं. टांगत्सेला राहायला मात्र ते तयार नव्हते, तंबूचे पैसे भरून झाले होते. मग बाबांनी त्यांच्या वहीत ते चार प्रश्न लिहून दिले आणि खाली जिग्मेतभाईंना विचारून टांगत्सेतल्या आमच्या मुक्कामाचा पत्ता.