पंचेचाळिसावा हंस

डिसेंबरचा पहिला आठवडा. सकाळी सात वाजता सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर ४३ पट्टकादंब (हिवाळ्यात येणारे रानहंस) मोजले आणि चव्वेचाळिसाव्याला अडलो. बाकीच्यांची डोकी पांढरी, मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. याला पट्टाच नाही. "काका, संकर!" मी ओरडलोच. काकांचा जन्म उजनीपासून इथपर्यंत पाणपक्षी बघण्यात गेलेला. दुर्बीण न उचलताच म्हणाले, "यंदाचं पोर आहे ते. पहिल्या हिवाळ्यात पट्टे कुठले?"

पंचेचाळिसावा मात्र पोर नव्हता. थव्यापासून जरा फटकून उभा, अंगाने चांगलाच थोराड. पाठ करडी-तपकिरी, मानेच्या मागून खाली उतरणारा गडद पट्टा, पाय नारिंगी. पट्टकादंबाचीही मान मागून गडद असते, त्यामुळे मी मनात लग्न लावूनही टाकलं: एक पालक पट्टकादंब, दुसरा कलहंस, म्हणजे करडा रानहंस किंवा त्याच्यापासून आलेला पाळीव हंस.

"अंदाज नंतर. आधी दिसतंय ते लिही, चोचीपासून," काका म्हणाले.

चोच नारिंगी, पण टोक काळं नाही. पट्टकादंबाच्या पिवळ्या-नारिंगी चोचीचं टोक काळं असतं. चोचीच्या बुडाशी पांढऱ्या पिसांची बारीक कड आणि कपाळाला लागून एक उंचवटा. हा उंचवटा मी आधी चिखल समजलो होतो. पायांचा रंग काकांनी लिहूच दिला नाही. कोवळ्या उन्हात गुलाबी पायही नारिंगी दिसतात, आणि कलहंसाचे पाय गुलाबी असतात. मग कसं ठरवणार? ऊन पांढरं होईपर्यंत थांबलो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी संपली. साडेनऊला पाहिलं तरी पाय नारिंगीच.

मग मानेकडे वळलो. पट्टकादंबाच्या मानेच्या दोन्ही बाजूंनी पांढरी उभी रेघ उतरते. संकरात ती पुसट का होईना, दिसायला हवी होती. इथे पत्ता नाही. शिवाय एक साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. पट्टकादंब सोलापुरात फक्त हिवाळा काढतो. त्याची घरटी लडाख, तिबेट, मंगोलियात. इथल्या पाळीव हंसाशी त्याचं सूत जुळणार कधी?

तेवढ्यात कुत्रं आलं. सगळा थवा उठला, पोरासकट. आमचा पठ्ठ्या दहा-बारा फूट फडफडला आणि धप्पकन खाली. तेव्हा त्याचं पोट नीट दिसलं: पायांच्या मधोमध लोंबणारं, जवळजवळ जमिनीला टेकणारं. असं पोट घेऊन कोण हिमालय ओलांडतो?

पाळीव हंसांचे मूळ वंश दोन. युरोपातला कलहंसापासून आलेला. चिनी हंस मात्र वेगळ्याच रानहंसापासून; या चिनी हंसाच्या चोचीवर गाठ आणि मानेमागे गडद पट्टा असतो. दोघांची वीण सहज होते आणि पिल्लंही पुढे वीण करू शकतात. गाठ अर्धवट, पट्टा चिन्याचा, जाडजूड बांधा दोघांचाही. म्हणजे संकर होताच, मी लावलेलं लग्न तेवढं चुकलं होतं. नुसत्या मानेच्या पट्ट्यावर भाळलो, दुसरं काय.

बांधावरून एक शेतकरी आले. "काय बघायलाव ओ? आमचं बदक हाय ते. राखणीला पाळलंय, सारखं तळ्यावर पळतंय."

वहीत लिहिलं: पट्टकादंब ४४ (पैकी पोर १). पाळीव हंस, दोन वंशांचा संकर, १.

आई-बाप बघायचे म्हणून त्यांच्या वस्तीवर गेलो. एक पांढरा, बिनगाठीचा. दुसरी तपकिरी, कपाळावर गाठ. याहून जास्त बघता आलं नाही, कारण दोघांनी माना लांब करून मला थेट रस्त्यापर्यंत हाकललं.