सहा मिनिटांनी तुटणारं नेट

२००२ च्या जुलैमधली गोष्ट. तेव्हा मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचो आणि कोणी तयार झालं तर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून द्यायचो. सदाशिव पेठेत एका वाड्यात गणिताचे रिटायर्ड प्रोफेसर राहायचे, त्यांचं पुस्तक लाटेकमध्ये (गणिताची सूत्रं नीट मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चाललेलं, म्हणून जूनमध्ये मी त्यांना रेड हॅट ७.३ हे लिनक्स टाकून दिलं. तेव्हा नेट फोनच्या तारेवरून मोडेमने डायल करून लागायचं, पण आतलं मोडेमचं कार्ड विनमोडेम निघालं, म्हणजे निम्मं काम विंडोजचा ड्रायव्हर करणार, लिनक्समध्ये नुसतं पडून राहणार, मग तापकीर गल्लीतून सिरीयल पोर्टचा एक्स्टर्नल मोडेम मीच त्यांना घ्यायला लावला. त्यामुळे महिनाभरात सरांचा फोन आला, "अरे, नेट सारखं तुटतंय, भाचा म्हणतोय विंडोजच बरं होतं", तेव्हा पोटात गोळाच आला. पुस्तकाची चार एमबीची फाईल मुंबईला मेल करायची होती आणि ती दर वेळी अर्ध्यात अडकत होती, वर प्रत्येक वेळी नवा कॉल, त्याचं बिल वेगळं.

गेलो तर पाऊस चालूच. सिस्टीमचा लॉग उघडून ठेवला आणि डायल केलं. पीपीपी, म्हणजे फोनवरून नेटला जोडणारा प्रोटोकॉल, सुरू झालं, आयपी मिळाला, सहाव्या मिनिटाला लॉगमध्ये ओळ आली, मोडेम हँगअप, म्हणजे कॉल तुटला. पोर्ट बघितला, १६५५०ए, म्हणजे १६ बाईटचा बफर असलेली चांगली चिप, त्याच्या आयआरक्यूवर (प्रोसेसरला हाक मारायच्या लाईनवर) पण दुसरं कोणी बसलेलं नाही. मग मोडेमचा एस१० रजिस्टर, म्हणजे त्याचं एक सेटिंग, ५० केला, म्हणजे कॅरियर (पलीकडच्या मोडेमचा सिग्नल) गेला तरी पाच सेकंद धीर धरायचा. बारा मिनिटं टिकलं आणि परत हँगअप. सर शेजारी खुर्ची घेऊन बसलेले, काही बोलत नव्हते, त्याचंच जास्त टेन्शन येत होतं.

मग लक्ष गेलं ते कनेक्ट झाल्यावर स्क्रीनवर येणाऱ्या ११५२०० या आकड्याकडे. तो कॉम्प्युटर आणि मोडेममधल्या केबलचा वेग असतो, फोनच्या लाईनचा नाही, ५६केच्या (सेकंदाला ५६ हजार बिटच्या) मोडेमला फोनवर एवढं मिळणारच नाही, पण आपण रोज बघतो आणि सगळं छान चाललंय असं समजतो. इनिट स्ट्रिंगमध्ये, म्हणजे डायल करण्याआधी मोडेमला जाणाऱ्या आज्ञेत, डब्ल्यू२ घातलं की लाईनचा खरा आकडा कळतो. घातलं, परत डायल केलं. २६४००! चांगल्या लाईनवर ४५-४९ हजार येतात, म्हणजे मोडेम ५६केची व्ही.९० पद्धत सोडून जुन्या, हळू व्ही.३४ वर उतरला होता. दोष तारेत होता.

फोन उचलून एक आकडा दाबला. डायल टोन गेला की लाईन गप्प पाहिजे, इथे कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. काकूंना रिसीव्हर दिला तर म्हणाल्या, "हे होय, पाऊस लागल्यापासून येतंय की, पण बोललेलं कळतंय म्हणून कोणाला सांगितलं नाही."

मग तार धरून निघालो. रोझेटपासून (भिंतीवरच्या फोनच्या डबीपासून) पडवीत, पडवीतून वर माडीवर. माडीवर पूर्वी पॅरलल फोन होता त्याचा फाटा तसाच सोडलेला आणि तो जॉइंट बरोबर गळक्या पन्हळीखाली. रिंग आली तर झटका बसतो म्हणून काकूंना खाली रिसीव्हर काढून ठेवायला सांगितला आणि टेप सोलली. आत नुसत्या पिळलेल्या दोन तारा, वर हिरवट कळंक, एक तार तर बोटाने हलवल्यावर तुटूनच हातात आली. लाईनवर कायम ४८ व्होल्ट डीसी असतात, त्यात ओल लागली की तांबं खाऊन जातं.

माडीचा फाटा काढून टाकला, चांगलं तांबं लागेपर्यंत तार मागे कापली, जॉइंट कोरड्या बाजूला आणून सोल्डर केला. खाली येऊन डायल केलं, ४५३३३.

फाईल जायला जवळपास अर्धा तास लागला. बाहेर पाऊस धो धो, सर आणि मी दोघं मोडेमच्या लाल दिव्यांकडे बघत बसलेलो, काकूंनी दिलेला चहा तसाच गार झाला. फाईल गेल्यावर सरांनी नेट बंद केलं आणि पहिला फोन भाच्याला लावला. "लिनक्सचं काही नव्हतं रे, तार कुजली होती आपली."