मामांची ऊसगाडी आणि रनटाइम एरर २००

२००१ साली मामांनी नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पेंटियम थ्री, ८०० मेगाहर्ट्झ, विंडोज ९८. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीच्या घरात आजीनं आधी कॅबिनेटला हळदकुंकू वाहिलं, मग मामांनी फ्लॉपी आत सरकवली. "थांब, माझा गेम दावतो तुला," असं मला दोन दिवस आधीपासून कबूल केलेलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: रनटाइम एरर २००. पुन्हा चालवलं, पुन्हा तीच ओळ. मामांनी फ्लॉपी काढून शर्टाच्या खिशात ठेवली. त्यानंतर त्या गेमचा विषय घरात निघाला नाही.

गेमचं नाव ऊसगाडी. १९९६ मध्ये पॉलिटेक्निकला असताना मामांनी तो लॅबमधल्या ४८६ मशीनवर टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला होता. चित्रं नाहीत, सगळा अक्षरांचा खेळ. गाडी म्हणजे इंग्रजी एच, खड्डे म्हणजे ओ, आणि रस्ता वरून खाली सरकत राहतो. खड्डे चुकवत ऊस कारखान्यावर पोचवायचा. एका खेपेला २००० किलो. वर्गातली पोरं जर्नल सोडून हा खेळत बसायची, असं आई सांगते.

गेल्या दिवाळीत मामांच्या माळ्यावरून तो कॅबिनेट खाली आला. २०१९ च्या महापुरात खालचं घर छातीभर पाण्यात होतं. फ्लॉप्या, वह्या, डॉट मॅट्रिक्सवर छापलेली प्रोग्रॅमची लिस्टिंग, सगळ्याचा लगदा झाला. माळ्यावरचं तेवढं वाचलं. हार्ड डिस्कवर गेमची ईएक्सई फाइल, म्हणजे मशीनला थेट चालवता येणारं तयार रूप, होती; माणसाला वाचता येणारा मूळ प्रोग्रॅम नव्हता. म्हणजे दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करायची वाट बंद.

तेव्हा मामा पहिल्यांदा बोलले. "एरर २०० म्हंजे शून्यानं भागाकार. पुस्तकात तसंच लिवलेलं. मी सगळी लिस्टिंग चाळली रं, चार रात्री. भागाकाराचं चिन्हच न्हवतं कुठं. म्हटलं आपल्यालाच काय कळंना." त्या वर्षी त्यांनी प्रोग्रॅमिंग सोडलं आणि उद्यमनगरात लेथ टाकला. गेममुळंच सोडलं असं नाही, पण त्या चार रात्री ते विसरले नव्हते. त्यामुळं हे काम मला सोडवेना.

मशीन चालू करण्याची कथा थोडक्यात सांगतो. उद्यमनगरातून ब्लोअर आणून धूळ उडवली, रॅम काढून तिच्या पट्टीवर खोडरबर मारला, महाद्वार रोडवरच्या घड्याळाच्या दुकानातून मदरबोर्डचा सेल आणला. तिसऱ्या खेपेला बीप आला. गेम चालवला. तीच ओळ.

खरं तर माझ्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये तो गेम पहिल्या फटक्यात चालला, कारण डॉसबॉक्स मुळात जुन्या, हळू मशीनचं सोंग घेतं. मी मामांना दाखवला. त्यांनी बघितला, मान हलवली आणि म्हणाले, "हितं चालतोय. पण त्या मशीनवर का चालंना, ते सांग." प्रश्न बरोबर होता.

उत्तर शोधायला मला दोन रात्री लागल्या, आणि ते मिळालं तेव्हा मी एकटाच खोलीत उठून उभा राहिलो. टर्बो पास्कलमध्ये सीआरटी नावाचं युनिट असतं. पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर लिहिणं, रंग, स्पीकरचा आवाज आणि डिले, म्हणजे 'अमुक मिलिसेकंद थांब', हे सगळं त्यात. मशीन कुठलंही असो, डिलेला खरा वेळ पाळता यावा म्हणून हे युनिट सुरुवातीलाच एक चाचणी घेतं. कॉम्प्युटरच्या घड्याळाचे सेकंदाला १८.२ ठोके पडतात, म्हणजे एका ठोक्याला साधारण ५५ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात एक रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजायचं आणि त्याला ५५ ने भागायचं. एका मिलिसेकंदाला किती फेऱ्या, ते कळलं.

हे उत्तर ठेवायला जागा १६ बिटांची, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. फेऱ्या ३६,०४,४८० झाल्या की उत्तर त्या जागेत मावत नाही. आणि प्रोसेसरच्या लेखी 'शून्यानं भागलं' आणि 'उत्तर मावलं नाही' या दोन्हींचा इशारा एकच. टर्बो पास्कल ७ आलं १९९२ मध्ये, तेव्हा ६६ मेगाहर्ट्झचं ४८६ म्हणजे भारी मशीन. २०० मेगाहर्ट्झच्या आसपासची मशीन आली आणि जगभरचे पास्कलमधले प्रोग्रॅम या एका भागाकारावर पडायला लागले.

हा भागाकार मामांच्या पहिल्या ओळीच्याही आधी होतो. त्यांनी लिहिलेलं एक अक्षरही चालायच्या आत प्रोग्रॅम मेलेला असायचा. लिस्टिंगमध्ये सापडणार काय?

आता दुरुस्ती. सर्वांत सोपा उपाय आधी केला: बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याची जवळची वेगवान मेमरी, बंद केली. मशीन इतकं मंदावलं की विंडोज उघडेपर्यंत मामींचा चहा होऊन आला. पण गेम चालला! सुरुवातीला तीन, दोन, एक अशी उलटी मोजणी आहे, ती मोबाइलच्या स्टॉपवॉचवर नेमकी तीन सेकंद भरली. एच अक्षराची गाडी रस्त्यावर आली. मामा मात्र खूश नव्हते. "म्हंजे मशीनला ताप आणून खेळायचं व्हय?" मला त्यांचं पटलं. वेग कमी करणारा एक छोटा प्रोग्रॅमही लावून बघितला. त्यानं गाडी धक्के खात चालायला लागली आणि आवाज तुटायला लागला.

मग पॅच, म्हणजे तयार फाइलमधले चुकीचे बाइट बदलणारा प्रोग्रॅम. जुन्या खेळांवर जीव असलेल्या लोकांनी या एररसाठी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहून ठेवलेत, कुणी न सांगता, फुकट. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. वेगाचा हा रोग फक्त पास्कलचा नाही. १९९८ च्या ग्रिम फँडँगो या गेममध्ये वेगवान मशीनवर लिफ्ट इतकी झपकन पळायची की फोर्कलिफ्ट मधे थांबवायचं कोडं सुटेना. जीटीए सॅन अँड्रिआसमध्ये फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्यावरचा लगाम, बंद केला की पोहण्यापासून गाड्यांपर्यंत हालचाली बिघडतात. अशा ठिकाणी कंपन्या पुढच्या कामाला लागलेल्या असतात आणि चाहते एकेक बाइट तपासत बसतात.

विंडोज ९८ ला माझा पेन ड्राइव्ह ओळखू येईना, म्हणून पॅच सीडीवर लिहून नेला. चालवला तर म्हणाला, ओळखीचे बाइट सापडले नाहीत. इथं मी अडकलो. फाइल उघडून बघितली. सगळा गिचमिड कचरा, पण सुरुवातीलाच एक शब्द स्वच्छ वाचता येत होता: पीकेलाइट. मामांना दाखवला तर त्यांनी कपाळावर हात मारला. "आरं व्हय की! फ्लॉपीत मावावं म्हणून समदी पीकेलाइट लावायची तवा." ईएक्सई दाबून लहान केलेली होती, त्यामुळं पॅचला आतलं काही दिसतच नव्हतं. ती आधी उलगडली, मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, मग पॅच लावला. या वेळी 'एक जागा बदलली' असा निरोप आला.

गेम उघडला. तीन-दोन-एक पापणी लवायच्या आत संपलं आणि गाडी पहिल्याच खड्ड्यात.

कारण उघड होतं. या पॅचनं एरर घालवली होती ती उत्तर ६५,५३५ वरच अडवून. खरा आकडा त्याच्या चौपट. त्यामुळं प्रत्येक डिले चौथाईवर आलेला. स्टॉपवॉचवर तीन सेकंदांची मोजणी पाऊण सेकंदात संपत होती, म्हणजे हिशेबही जुळत होता. कॅश बंद करून घेतलेलं ते तीन सेकंदांचं माप इथं कामाला आलं.

मग ठरवलं, पॅचनं जिथं सोडलं तिथून पुढं आपण जायचं. "गाडीच्या एका पावलाला डिले किती दिला होता, आठवतंय?" मी विचारलं. मामा डोळे मिटून बसले. "एकशेवीस. शंभरला लई पळायची, दीडशेला पोरं कंटाळायची. एकशेवीसच."

फाइलमधले बाइट दहाच्या नाही, सोळाच्या हिशेबात दाखवतात; त्यात नवाच्या पुढं ए ते एफ ही अक्षरं येतात. १२० म्हणजे सोळाच्या हिशेबात ७८. चौपट ४८०, म्हणजे १ई०. फाइलमध्ये हे आकडे उलटे लिहिलेले असतात, तेव्हा ७८ ०० च्या जागी ई० ०१ करायचं. विंडोज ९८ मध्ये डीबग नावाचा प्रोग्रॅम आयता असतो. पण तो ईएक्सई फाइलवर लिहू देत नाही, म्हणून आधी तिच्या नावाचं शेपूट बदलून बिन केलं. मग शोध घेतला: बी८ ७८ ०० ५०, म्हणजे '१२० हा आकडा उचल आणि पुढच्या कामाला दे'. दोन जागा सापडल्या. मी दोन्ही बदलल्या, फाइलचं नाव पूर्ववत केलं आणि गेम चालवला.

गाडी अगदी तालात चालली. पण खड्ड्यात गेली आणि किंचाळल्यासारखी शिट्टी वाजली. मामा लगेच म्हणाले, "हा आवाज माझा न्हवं. माझा धप्प असा हुता." दुसरी जागा डिलेची नव्हतीच. खड्ड्याच्या आवाजासाठी त्यांनी १२० हर्ट्झ दिले होते, तेही मी चौपट करून बसलो होतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी स्वतः निवडलेला आवाज त्या माणसानं एका क्षणात ओळखला. ती जागा परत ७८ ०० केली. उलट्या मोजणीचे १००० होते, त्याचे ४००० केले, म्हणजे ई८ ०३ चे ए० ०एफ; हे मामांनी मला स्पेलिंगसारखं बोलून दाखवलं आणि कॅलेंडरच्या पाठीवर पेनानं लिहूनही ठेवलं.

पुन्हा चालवला. तीन. दोन. एक. स्टॉपवॉच बघायची गरज पडली नाही. मामांनी खुर्ची पुढं ओढली आणि दोन्ही हात बाणाच्या कळांवर ठेवले.

पहिल्या खेपेला खड्ड्यात पडले, धप्प. मग लागले चालवायला. मामी जेवायला हाका मारून गेल्या. वर कोपऱ्यात किलो चढत होते, २००००, २४०००, ३००००. सोळावी खेप कारखान्यावर पोचली, ३२०००. सतरावी पोचली आणि आकडा झाला वजा ३१५३६.

मामा थांबले. स्क्रीनकडं बघत राहिले, मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"इंटिजर घेतला मी वजनाला," ते म्हणाले. "लाँगइंट घ्याय पायजे हुता. ३२७६७ च्या पुढं उलटं फिरतंय ते." आणि माझ्याकडं वळले, चेहरा उजळलेला. "ही चूक मात्र माझी हाय बघ. ही मला दुरुस्त कराय येती."